मुकादमांच्या लाल चिंध्या

"हळू घ्या की. झाड काय पळून चाललंय व्हय?" कुणी कामाची घाई केली की आमचे मुकादम एवढंच म्हणत आणि तंबाखू मळायला बसत. मी महापालिकेच्या उद्यान विभागात कारकून होतो. रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या छाटणारी टोळी त्यांच्या हाताखाली होती. माढ्याकडचा माणूस. आवाज मोठा, फुशारकी त्याहून मोठी.

सोलापुरात राहत असाल तर त्यांच्या लाल चिंध्या तुम्ही पाहिल्या असतील, कशाच्या ते माहीत नसेल एवढंच. छाटणी पावसाळ्याआधी करायची आणि नेमकी तेव्हाच झाडांवर कावळ्यांची घरटी. मुकादम आदल्या दिवशी रस्ता फिरत आणि घरटं दिसलं की त्या फांदीला टॉवेलच्या कारखान्यातली लाल चिंधी बांधत. ती फांदी टोळीनं सोडायची. पिल्लं उडाली की पुन्हा येऊ, असं ठरे. ते पुन्हा येणं बहुतेक राहूनच जाई.

कावळ्यांचा एवढा कसला पुळका, असं मी एकदा विचारलं. त्यांनी टोपी काढून टकलावरचा व्रण दाखवला. "नोकरीला लागलो तवा एक घरटं पाडलं. त्यो कावळा मला बाजारात सुदिक वळखायचा." यात दया किती आणि भीती किती, हे मला कधीच कळलं नाही.

टोळीतली माणसं निवृत्त होत गेली, नवी भरती बंद. टोळी वाढवायची की सगळं काम ठेक्यावर द्यायचं, असा प्रश्न निघाला. साहेबांनी तोड काढली. एका रस्त्याची एक बाजू टोळीनं छाटायची, दुसरी ठेकेदारानं, मग ठरवू. टोळी हरली तर ती मोडणार आणि मुकादम कार्यालयात बसून राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी आपल्या बाजूला चिंध्या बांधून झाल्यावर मुकादम शिडी घेऊन रस्ता ओलांडायला लागले. ती ठेकेदाराची बाजू आहे, त्याचं तो बघेल, असं मी म्हटलं.

"पोरं परगावची हायत. त्यास्नी काय ठावं घरटं कुटं हाय," ते म्हणाले आणि तिकडेही बांधून आले.

सकाळी ठेकेदाराची माणसं शिडीची गाडी आणि मशीनच्या करवती घेऊन आली. महापालिकेनं खुणा करून ठेवल्यात, म्हणजे याच फांद्या तोडायच्या, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं. त्यांनी त्या फांद्या सगळ्यांत आधी उतरवल्या.

कावळ्यांचा कालवा ऐकून मुकादम रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून धावत आले. पिल्लांचं मी लिहीत नाही. मुकादम खाली बसले आणि पडलेल्या फांदीवरची चिंधी सोडायला लागले. स्वतःच मारलेली गाठ त्यांना सुटेना.

दुपारी साहेब आले तेव्हा ठेकेदाराची बाजू लख्ख झाली होती आणि आमची निम्मीच. निकाल तिथेच लागला.

त्यानंतर मुकादम सुट्टीच्या दिवशी बांबूला आकडी बांधून शहरभर फिरत. आपणच बांधलेल्या जुन्या चिंध्या ओढून काढत. ठेकेदाराची माणसं सारखी बदलत, कुणाकुणाला समजावणार? कधीकधी मीही बरोबर जाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबावर उंच एक चिंधी होती. तिथे बांबू पुरेना. खूप धडपडून त्यांनी हात खाली घेतले.

"ऱ्हाऊ दे. झाड काय पळून..." एवढं बोलून ते बांबूची आकडी सोडायला लागले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

गेल्या हिवाळ्यात मुकादम गेले. आज सकाळी त्या कडुनिंबाखाली शिडीची गाडी उभी राहिली. मी घाईनं खाली उतरलो आणि वर चढलेल्या माणसाला सांगितलं, ती चिंधी तोडण्यासाठी नाही.

"मग कशाला बांधलीय?" त्यानं विचारलं आणि करवत सुरू केली. मी सांगत होतो, पण त्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं.