तो उपदेश माझ्याचसाठी होता

नवं राज्य झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि आमच्या कार्यालयातली सगळ्यात जुनी बाबू होते. टायपिस्ट म्हणून लागले होते, पुढे वरिष्ठ लिपिक झाले. कोणती फाईल कोणत्या कपाटात आहे, कोणतं परिपत्रक रद्द होऊन त्याच्या जागी कोणतं आलं, कोणत्या साहेबांना कागदाला किती समास सोडलेला चालतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. रायपूर राजधानी झाल्यावर गल्लोगल्ली पेढे वाटले गेले, ते मीही वाटले. मनात होतं की आता नवी पदं निघतील, आणि बडे बाबूच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, खुर्चीसाठी माझ्याशिवाय दुसरं नाव कोणाला सुचणार?

पण दुसरं नाव सुचलं. भोपाळहून बदलीवर आलेल्या लोकांमध्ये एक बाई होत्या, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. आमच्या सेक्शनची ती खुर्ची त्यांना मिळाली. आमच्याकडे बाई असली तरी त्या पदाला बडे बाबूच म्हणतात. त्यांचं माहेर इंदूरचं मराठी, बोलणं एकदम नितळ. मी आमच्या वऱ्हाडी वळणाने ‘मले वाटते’ म्हटलं की त्या हसत नसत, पण मला मात्र त्या मनात हसतात असंच वाटायचं. कॉम्प्युटरवर हिंदी टाईप करायच्या ते वीज चमकावी तसं. मी अजून टाईपरायटरच बडवत होते. ‘आता या वयात माझ्याच्यानं व्हायचं नाही’ असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

त्या मला दीदी म्हणायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायची, आणि त्या एका शब्दात काय काय भरता येतं ते मीच जाणते.

मी आणि आई पुरानी बस्तीच्या अलीकडे एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन खोल्यांत राहायचो. आजोबा अमरावतीकडून रेल्वेच्या कामावर इकडे आले. येताना त्यांनी बोली आणि ख्रिस्तावरचा विश्वास, दोन्ही बरोबर आणले. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, मी सांगतेय त्या काळात निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मी लग्न केलं नाही. दर रविवारी आम्ही दोघी रिक्षाने चर्चला जायचो, घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व्हायची. कोणी मला विचारलं असतं की तुमचं आत्मिक आयुष्य कसं आहे, तर मी म्हटलं असतं, प्रभूच्या कृपेने छान आहे.

मग ते यादीचं प्रकरण झालं.

विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे प्रश्नांची उत्तरं तयार करायची घाई उडते. एका उत्तराला जिल्ह्यांची यादी जोडायची होती. जुन्या राज्याच्या वेळची एक यादी होती आणि वेगळं राज्य झाल्यावर सुधारलेली दुसरी. दोन्ही एकाच कपाटात, एकीवर एक. बडे बाबू त्या वेळी एकट्याच पाच उत्तरं सांभाळत होत्या. त्यांनी जुनी यादी जोडली. कागद बाहेर पाठवण्याआधी रजिस्टरला चढवायला माझ्या टेबलावर आले. मी पान उलटलं आणि मला लगेच दिसलं. नवी यादी हाताच्या अंतरावर होती. उठून बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी रजिस्टरात नोंद केली आणि कागद पुढे पाठवून दिले.

चूक सभागृहात जायच्या आधी वरच्या साहेबांनी पकडली, म्हणून मोठा गोंधळ टळला. पण त्यांनी बडे बाबूंना बोलावलं आणि दार उघडं ठेवूनच बोलले. सगळ्या सेक्शनला ऐकू आलं. ‘भोपालसे यही सीखके आई हैं?’ हेही ऐकू आलं. त्या परत आल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “दीदी, नवी यादी कुठे असते? जरा दाखवाल?”

मी दाखवली. अगदी गोड बोलून दाखवली.

त्या दिवशी घरी जाताना मी गरम जिलेबी घेतली. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळी हकिगत सांगितली, साहेबांच्या आवाजाची नक्कल केली, आणि हसले. आईने सूप खाली ठेवलं.

“तुले दिसलं होतं का ते आधी?” तिने विचारलं.

“हो, दिसलं होतं.”

“मंग काहून हसून राहिली?”

मी जिलेबीचा पुडा सोडत म्हटलं, “तिची जागा माही होती, आई. तुले तर माहीत आहे.”

आई एवढंच म्हणाली, “जागा कोनाची होती ते मी नाही विचारलं.” मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. जिलेबी तिने खाल्ली नाही, आणि मला ती एकटीला खाववली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशासाठी विषय घेतला होता मन नवं होण्याचा. ते जशपूरकडचे, साधे, हळू बोलणारे. ते हिंदीतून सांगत होते की माणूस चर्चमध्ये येतो, गातो, दान टाकतो, पण विचार करायची त्याची रीत जगाचीच राहते. कोण आपल्या पुढे गेला, कोणी आपलं घेतलं, कोणाला कसं खाली बसवायचं, हेच आत चालू असतं. देव बाहेरचा सदरा बदलायला सांगत नाही, तो आतून विचार करण्याची रीतच बदलायला सांगतो, आणि ती माणसाने त्याला बदलू द्यायची असते.

मला तो उपदेश फारच आवडला. ऐकता ऐकता माझ्या मनात माणसं येत होती. माझी चुलत वहिनी, शेजारची एक बाई, चर्चच्या कमिटीतले दोघं, आणि अर्थात आमच्या बडे बाबू, ज्या ख्रिस्ती नव्हत्या तरी त्यांनी हे ऐकायला हवं होतं. उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेब सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. मी म्हटलं, “आज फार गरजेचा उपदेश झाला, पाळकसाहेब. किती लोकांना लागू होता.”

ते हसून म्हणाले, “मैंने तो अपने लिए तैयार किया था, दीदी. इस हफ्ते मुझे ही ज़रूरत थी.”

आई माझ्या मागेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. रिक्षात बसलो, घरी आलो, जेवलो. सबंध वेळ तिने एका शब्दाने मला काही सुचवलं नाही, आणि त्यामुळेच मला पळायला जागा राहिली नाही.

दुपारी ती झोपली तेव्हा मी माझ्या पलंगापाशी गुडघे टेकले. प्रभूशी मी आमच्या बोलीतच बोलते. म्हटलं, “प्रभू, तिनं माही जागा घेतली.” तेवढंच वाक्य बराच वेळ फिरत राहिलं. आठ-दहा वेळा झाल्यावर मलाच ऐकू यायला लागलं की मी प्रार्थना करतच नाहीये, तक्रार नोंदवतेय. मग मी यादीचं सांगितलं. मोठ्याने, पहिल्यापासून, कागद कसा आला, मी पान कसं उलटलं ते सगळं. शेवटी म्हटलं, “हे मन माह्याच्यानं बदलत नाही. तूच पाह्य.”

आकाशातून काही आवाज आला नाही. पण उठले तेव्हा मला कुठे जायचं ते कळलेलं होतं.

बडे बाबूंचं सरकारी क्वार्टर रिक्षाने वीस मिनिटांवर होतं. मी आधी कधी गेले नव्हते. त्यांनी दार उघडलं आणि चकित झाल्या. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला लावून खोकी, दोरी न सोडलेली. नवरा आणि मुलगी भोपाळलाच होते. मुलीच्या दहावीपर्यंत हलवायचं नाही असं ठरलं होतं. वर्ष उलटून गेलं होतं आणि त्या या खोलीत एकट्या राहत होत्या. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

टेबलावर ऑफिसच्या फायली होत्या. रविवारी.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, “मॅडम, त्या दिवशी जुनी यादी मले दिसली होती. मी मुद्दाम बोलली नाही. तुमची फजिती व्हावी म्हणून. मले माफ करा.”

त्यांनी टेबलावरची उघडी फाईल मिटली. मग फायलींकडे बघत म्हणाल्या, “मला वाटलं माझंच डोकं चालेनासं झालंय. तेव्हापासून एकेक कागद मी तीन-तीनदा तपासते. घरी आणते. मला स्वतःवर भरवसाच राहिला नाही.”

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं मी त्यांना एक दिवस खाली मान घालायला लावली. मी त्यांचा रविवारही नेला होता.

“तुम्ही येऊन सांगितलंत हे बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण मला राग आलाय, दीदी. खूप आलाय. आज मी तुम्हाला चहा नाही विचारणार.”

“नका विचारू,” मी म्हटलं, आणि निघाले.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “आन साहेबाले?” मी म्हटलं, त्यांना कशाला? ती म्हणाली, “बोलनं तिनं खाल्लं ना सगळ्यांसमोर? मंग ज्यानं देल्लं त्याले नको का माहीत व्हाले?”

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, मग म्हणाले की असं तोंडी नाही चालत, लिहून द्या. मी लिहून दिलं. टाईप करताना दोनदा कागद बदलावा लागला. माझ्या सेवापुस्तकात ताकीद चढली आणि पुढची बढती लांबली. साहेबांनी त्याच दिवशी बडे बाबूंना बोलावलं, या वेळी दार लावून. ते काय बोलले मला ठाऊक नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

त्यानंतर सगळं गोड झालं, असं नाही. जवळजवळ तीन आठवडे त्या कामापुरत्याच बोलायच्या. माझं मनही पुन्हा पुन्हा जुन्या वाटेला जायचं: सगळं कबूल केलं, ताकीद घेतली, आता आणखी काय पाहिजे हिला? मग मी एक सवय लावून घेतली. सकाळी ऑफिसला चालत जाताना ज्या माणसाबद्दल आत कडू आहे त्याचं नाव घ्यायचं, खरं काय वाटतं ते प्रभूला सांगायचं, आणि मग त्या माणसासाठी एक चांगली गोष्ट मागायची. पहिले कित्येक दिवस मी त्यांच्यासाठी मागितलं ते अगदी ओढूनताणून. एके दिवशी ‘तिच्या पोरीले दहावीत चांगले मार्क पडू दे’ असं म्हटलं आणि लक्षात आलं की हे मला खरोखर हवं आहे.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी कॉम्प्युटरजवळ एक खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “दीदी, बसा इथे.”

“माझ्याच्यानं नाही व्हायचं, मॅडम.”

“झालं नाही तर नाही झालं. बसा तर खरं.”

मी बसले. टाईपरायटरवर बोटांना सवय होती तशी कीबोर्डवर अक्षरं नव्हती. एक ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागली. त्यांनी मध्ये एकदाही बोट घातलं नाही. तेव्हा मला उमगलं की ‘तिने माझं घेतलं’ आणि ‘मला आता जमणार नाही’ ही दोन्ही वाक्यं मी एकाच मनाने बोलत होते. दोन्हींमध्ये देवाला काही करायला जागाच नव्हती. त्या उन्हाळ्यात रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास मी शिकले. सहा महिन्यांनी अधिवेशनाची तीन उत्तरं मी एकटीने टाईप केली. यादी त्यांनी तपासली, मग मी तपासली, मग दोघींनी मिळून.

पुढे कार्यालय नवा रायपूरला गेलं. सकाळी स्टाफची बस निघायची. शहर मागे पडलं की रुंद, मोकळे रस्ते, एखादीच गाडी, दोन्ही बाजूंना अजून रोपटीच असलेली झाडं. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तोपर्यंत त्यांची मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली होती आणि नवऱ्याने बदली करून घेतली होती. माझ्या डब्यात आईने केलेली मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची, भाजी असली की अर्धी त्यांची ठरलेली. माझी नावं घ्यायची सवय मी त्यांना सांगितली होती; कधी मी डोळे मिटून बसलेली दिसले की त्या विचारायच्या, “आज कोणाचा नंबर?” मी नाव सांगायची. दोन-तीनदा त्या म्हणाल्या, माझ्याही एका जावेचं नाव घाला त्यात. मी घातलं.

बडे बाबूची खुर्ची मला शेवटपर्यंत मिळाली नाही. मी निवृत्त झाले तेव्हाही तिथे त्याच होत्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला बोलायला उभं केलं. मला भाषण येत नाही, पण उठले, आणि नव्याने लागलेल्या मुलींना कपाटं कोणती कशाची ते सांगितलं. सगळे हसले. आई तेव्हा पंच्याऐंशीची होती, पुढच्या रांगेत कोसाची रेशमी साडी नेसून बसली होती. घरी येताना तिने रिक्षावाल्याला, मी तेव्हा जिलेबी घेतली होती त्याच हलवायाच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं आणि मला म्हणाली, “काय घेतं तू, सांग.”