लाल दिव्याला थांबणारी सायकल

अख्ख्या वसईत लाल दिव्याला थांबणारी सायकल एकच, आणि ती नेमकी आमच्या घरात. माझ्या धाकट्या दिरांची. मी चौथी शिकले, ते मॅट्रिक; पण रस्त्यावरची अक्कल मला जास्त, हे मी त्यांना तोंडावर सांगत आले आहे. मोटारीला जो नियम तोच सायकलला, हा त्यांचा हट्ट. पापडी गावातल्या आमच्या वाडीत वळतानासुद्धा ते हात बाहेर काढत. मागून येणार कोण? माझ्या कोंबड्या. एकदा नाक्यावर असाच हात काढला, तर रिक्षावाला थांबला.

"कुठे जायचं, काका?"

"कुठे नाही. मी वळतोय."

तो डोकं खाजवत गेला.

मीही हसले असते, पण त्यांच्या कॅरियरवर माझा सोनचाफा असायचा. पहाटे खुडायचा, केळीच्या पानांत बांधायचा आणि दादरला फुलं नेणाऱ्या माणसाला स्टेशनबाहेर गाठायचं. तो गाडी चुकवून कोणासाठी थांबत नाही. तो गेला की चाफा काळा पडणार, कोंबड्यासुद्धा तोंड लावत नाहीत. आणि हे गृहस्थ, रस्ता एकेरी म्हणून दोन मिनिटांची वाट सोडून तळ्याला वळसा घालणार! एका सकाळी सिग्नल बिघडला आणि लालच राहिला. सगळे गेले, म्हशीही गेल्या. दीर एक पाय टेकून उभे. शेवटी हवालदार ओरडला, "आजोबा, जा हो! सायकलला कोण विचारतो?"

"मला धडक बसली तर मग कोण विचारणार?" दीर म्हणाले.

त्या दिवशी सगळा चाफा परत आला. मी तो त्यांच्यासमोर अंगणात ओतला. ते म्हणाले, "वहिनी, उद्यापासून अर्धा तास लवकर निघतो." म्हणजे मी अर्धा तास लवकर उठायचं! पण एखादा नियम सोडतो, असं तोंडातून निघेना.

यंदा त्यांचे डोळे गेल्यातच जमा आहेत. डॉक्टरांनी सायकलवर बसायला मनाई केली. तरी करंडी कॅरियरवर बांधून ते सायकल हाताने ढकलत निघतात, आणि मी बरोबर. गेल्या आठवड्यात सिग्नलपाशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पलीकडे फुलवाला करंड्या उचलताना मला दिसत होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिरांनी सवयीने ब्रेक दाबला, मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली. मग खालच्या आवाजात विचारलं,

"वहिनी, लाल आहे का हिरवा?"

इतकी वर्षं ज्या माणसाने मला छळलं, तो आता माझ्या एका शब्दावर पुढे गेला असता.

"लाल आहे," मी म्हटलं. "थांबा गुपचूप."

त्यांनी मान हलवली आणि सायकल जरा डावीकडे घेतली. समोर फुलवाला स्टेशनचा जिना चढून गेला. दिवा हिरवा झाला, तेव्हा मी त्यांना सांगितलं.