नेहमीची दोन बोटं

पकड करायला सांडशी धावायचा तो डोकं पुढे घालून. हुतूतूत चढाईवर आलेला गडी मध्यरेषेकडे परत वळला, की हा मान खाली घालून त्याच्या मांड्यांवर आदळायचा आणि दोन्ही हातांचा असा विळखा घालायचा की सुटायची सोय नाही. म्हणून त्याचं नाव सांडशी. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या सुमारास ज्यांनी ठाण्या-कल्याणचे सामने पाहिले, त्यांना असा एखादा गडी आठवेलच.

मी संघाचा कप्तान. "अरे, आधी हात घाल, डोकं मागे ठेव," असं सुरुवातीला सांगायचो. तो हसायचा. "कप्तान, टकुरं हाय माजं, मडकं नाय." पुढे मी सांगणं सोडलं. आम्ही जिंकत होतो ना!

खाडीकाठच्या मिठागरात तो कामाला होता. मीठ निघू लागलं की त्यातलं पांढरंशुभ्र मीठ फडक्यात बांधून माझ्या आईला आणून द्यायचा. "आये, ह्ये लोनच्याला ठेव. दुसऱ्या कुनाचं घालू नको." मग ओट्यावर बसून दोन कप चहा. तिसरा आई विचारायची आणि तो "नको, नको" म्हणत कप पुढे करायचा.

सामन्यात कुणाचं डोकं आपटलं तर आमच्याकडे एक रीत होती. नाकाशी फोडलेला कांदा धरायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि पंचांसमोर कप्तानानं बोटं दाखवून विचारायचं, "किती?" उत्तर बरोबर आलं तर गडी आत. चुकलं तर तो बाहेर आणि उरलेल्या सहा जणांनीच खेळायचं, कारण बदली गडी घेता येत नसे. आता लिहूनच टाकतो. मी सांडशीला नेहमी दोनच बोटं दाखवायचो. तसं आमचं ठरलेलं होतं. युक्ती माझी होती.

कल्याणच्या अंतिम सामन्यात समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी जवळ गेलो तेव्हा त्याचे डोळे माझ्यावर ठरत नव्हते. मी हात वर करायच्या आधीच तो म्हणाला, "दोन." पंच तेवढ्यात गर्दी मागे सारत होते. मी घाईनं दोन बोटं वर केली, ते आमच्याकडे वळल्यावर पुन्हा विचारलं आणि त्याला आत पाठवलं. शेवटची पकड त्यानंच केली. परतताना त्यानं मला तीनदा विचारलं, "जिकलो काय रं आपुन?" तीनदा मी हो म्हणालो आणि तीनदा त्यानं नव्यानं आरोळी ठोकली. आम्ही पोट धरून हसलो.

दहा वर्षांनी, चाळिशीही न गाठलेल्या सांडशीचे हात थरथरू लागले. कधी आवाज न चढवणारा तो बायकोवर भांडी भिरकावू लागला. एका सकाळी तो आईला मीठ देऊन गेला, तासाभरानं पुन्हा आला, दुपारी पुन्हा. तिन्ही वेळा तेच वाक्य, तोच हसरा चेहरा. आईनं तिन्ही पुरचुंड्या घेतल्या. मला म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस रे." त्याच संध्याकाळी तो मिठागराची वाट चुकून माजिवड्याला सापडला.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. बरोबर त्याची बायको होती. डॉक्टर म्हणाले, "मेंदू झिजत चाललाय. ठोसेबाजी करणाऱ्यांत असं आढळतं, असं मी वाचलंय. हुतूतूचं खात्रीनं सांगता येणार नाही. यांच्या डोक्याला वारंवार मार बसला होता का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुमाला ठावं आसंल. मी कंदी सामन्याला आली नाय."

"खेळात लागतंच थोडंफार," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर पायरीवर मी त्यांना सगळं सांगितलं. बोटांचंही. त्यांनी पदरानं सांडशीच्या ओठाची लाळ पुसली. मग एवढंच म्हणाल्या, "रोज संध्याकालचे येत जा. मना पानी भराया जावं लागतं."

मी जात राहिलो. तो मला ओळखत नसे. पाहुणा समजून चटई पुढे सरकवी. शेवटच्या पावसाळ्यात एकदा निघताना मी नुसता निरोपाचा हात वर केला, पाची बोटं पसरलेली. तो एकदम ताठ बसला.

"दोन," तो म्हणाला आणि भिंतीला धरून उठू लागला. "पाठव मना, कप्तान."

मी त्याचे खांदे धरून त्याला खाली बसवलं. "नाही. आज तू बाहेर."

त्याचा चेहरा पडला. "मंग सा जनंच ऱ्हाऊ नं आपुन."

"राहू," मी म्हणालो. "सहा जणं खेळू. तू बस."