चिठ्ठीवरचा माळ

"साठ वर्षं गप्प बसलास, आता आणखी चार बसलास तर काय बिघडणारे?" विनी आत्याने सोललेला बटाटा पातेल्यात असा टाकला की पाणी माझ्या हातावर उडालं.

"ती मुलगी गुरुवारी येतेय, विनी," बाबा म्हणाले.

"येऊ दे. चहा दे, केक दे, पेट्या दाखव. तोंड उघडायलाच हवं का?"

हे न्याहारीपासून चाललं होतं. येणारी मुलगी जिल्ह्यातल्या पतंगांचा, म्हणजे फुलपाखरासारख्या किड्यांचा, नवा नकाशा करत होती. तिला बाबांचे तांबूस पतंग बघायचे होते. पेटीत टाचणीला लावलेले अठरा. आता जिल्ह्यात तेवढेच.

बाबांनी, म्हणजे होरेस टिझर्डनी, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या या कोपऱ्यात तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. वाट हेदरच्या झुडपांनी भरलेल्या माळांवरून जायची. हा पतंग त्याच झुडपांवर वाढतो आणि जूनच्या भर उन्हात उडतो. १९६१ साली पर्लोच्या माळावर तो आधी आईला दिसला, बाबांना नाही. ती त्यांचा डबा घेऊन गेली होती.

त्या काळी नवी जागा कळली की लंडनहून पतंग जमवणारे जाळीवाले आगगाडीने यायचे आणि एका रविवारात माळ रिकामा करून जायचे. म्हणून जाणती माणसं टाचणीखालच्या चिठ्ठीवर भलत्याच माळाचं नाव लिहीत. बाबांनी लिहिलं वॉर्डल, पर्लोपासून तीन मैलांवरचं.

ते नाव चिठ्ठीवरून पुस्तकात गेलं आणि पुस्तकातून नकाशावर. वॉर्डलला कुंपण झालं, पाटी लागली, पाटीवर बाबांचं नाव आलं. पर्लोची कुठेच नोंद नव्हती. तिथे नांगर फिरला आणि लाकडासाठी पाइनची झाडं लावली. बाबा रोज तिथून टपाल घेऊन जात. रेल्वेच्या बांधालगत हेदरची एक पट्टी उरली होती, तिच्यावर १९७४ च्या जूनमध्ये त्यांना एक पतंग दिसला. त्यानंतर कुणालाच नाही.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पाटी लागून गेली होती. पाद्रीबाबांनी फीत कापली होती. तुझ्या आईने त्या दिवशी नवी टोपी घातली होती." बाबांनी बटाट्याची सालं एका बाजूला केली. "घरी आल्यावर तिने ती खोक्यात ठेवली. पुन्हा घातली नाही."

आत्याचा सुरा थांबला. "एडनाला माहीत होतं?"

"तिनेच तर पाहिला होता."

"मला कधी बोलली नाही."

"मलाही नाही."

आत्याने पुढचा बटाटा उचलला. "आणि वॉर्डलला ती माणसं पन्नास वर्षं गुडघ्यांवर रांगत शोधतायत, त्यांना काय सांगशील? चर्चमध्ये तुझ्या शेजारी कोण बसेल?"

"तू बसशील."

"मी मागच्या बाकावर बसेन."

"पर्लोचे पाइन या हिवाळ्यात पाडतायत," बाबा म्हणाले. "परत पाइन लावायचे की माळ मोकळा ठेवायचा, ते तिचा नकाशा बघून ठरणार. हेदरचं बी मातीत खूप वर्षं टिकतं."

"मग पतंग येतील?" मी विचारलं.

"नाही. ते गेले. हेदर येईल."

आत्याने सुरा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "होरेस, टपालवाल्यांची नावं गावात कोण लक्षात ठेवतं रे? तुझ्याकडे ती पाटीच आहे."

"हो," बाबा म्हणाले.

ते टेबलाला हात टेकून उठले. "गुरुवारी मी तिला सांगणार आहे. अठराही पतंगांखाली पर्लोची दुसरी चिठ्ठी घालणार. जुनी काढायची नाही, खोटं कोणी लिहिलं तेही दिसू दे. आणि पाटी उतरवा म्हणून जेवण झाल्यावर फोन करणार आहे."