धवल्यांचा खण

"आमच्याकडे फाइल हरवत नाही, हरवला तर तिचा पत्ता हरवतो," असं मी नव्या माणसाला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. चौदा वर्षं हेच काम केल्यावर एवढा तोरा तर येतोच. आता ते वाक्य आठवलं की स्वतःचंच तोंड बघू नये असं वाटतं.

आमची संस्था किनाऱ्यावरची जुनी गाणी, कहाण्या, फोटो जमवते. अलिबाग, मुरुड आणि तळा अशी तीन केंद्रं, तिन्हीकडे एकेक मशीन. बघणाऱ्याला वाटतं, सगळं एकाच कपाटात आहे. तसं नसतं. कपाटाचे खण तीन गावांत विखुरलेले, आणि कुठला खण कुठल्या गावात आहे हे सांगायला एक वेगळा सर्व्हर. आम्ही त्याला पत्त्यांचा सर्व्हर म्हणतो. पत्त्यांची यादी तिन्ही मशीनवर असते, आणि तिघांतल्या दोघांचं एकमत झालं तरच उत्तर मिळतं. एकमत व्हायचं तर त्यांची घड्याळं जुळली पाहिजेत, अगदी सेकंदांत. तेवढं सांभाळायचं ही माझी नोकरी.

खारेपाटातल्या एका गावात एक धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणत लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात. मी त्यांना मावशी म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. धवले कुठे लिहिलेले नव्हते. मावशींना अक्षरओळख नव्हती, आणि दुसऱ्या कोणी लिहायचं नाव काढलं की त्या हात झटकायच्या; तोंडातून तोंडात जायचं ते कागदावर कशाला, म्हणायच्या. म्हणून ऑपरेशनच्या आधी सलग चार दुपारी आम्ही त्यांच्या पडवीत बसून सगळं रेकॉर्ड केलं. आवाज गेला तो गेलाच. मुलगी हाताशी होती, तिला निम्मे धवले येत होते. उरलेले निम्मे, लांबलचक धवले फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये होते.

मुलगी दर महिन्याला विचारायची, ताई, मोबाइलवर कधी टाकून देता? आणि मी शहाणी दर महिन्याला सांगायची, थांब गं, खोकला-बिकला कापून, नावं घालून नीट देते. नीट! काय अडलं होतं माझं त्या नीटपणावाचून? तशीच्या तशी दिली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मे महिना आला. मुलीला पहिलं लग्न मिळालं, तिनं एकटीनं लावायचं. लग्न दोन दिवसांवर आलं तशी ती सकाळीच आमच्या अलिबागच्या केंद्रात येऊन बाकावर बसली. आज घेतल्याशिवाय जाणार नाही, म्हणाली. मी तिला चहा दिला आणि दहा मिनिटांत देते म्हटलं.

धवल्यांचा खण अलिबागच्या मशीनवर होता. तिथे जागा संपत आली होती म्हणून त्याच सकाळी मी तो मुरुडला हलवायला घातला होता. वळवाचा गडगडाट झाला आणि दोन्हीकडची लाइट गेली, हलवणं अर्ध्यात तुटलं. लाइट परत आली तेव्हा पत्त्यांचा सर्व्हर मुका. तळ्याची लाइन रस्त्याच्या खोदकामात दोन दिवसांपूर्वीच तुटलेली. मुरुडचं मशीन चालू झालं होतं, पण अलिबागच्या मशीनशी त्याचं पटेना. म्हणजे एकमत नाही. डिस्कवर सगळं जागच्या जागी, आणि कुठे काय आहे ते सांगणारं कोणी नाही.

यावर उपाय आहे, तो मला पाठ होता. जुनी यादी बाजूला ठेवायची, अलिबागच्या मशीनला एकट्यानंच कारभार बघायला लावायचं आणि प्रत्येक डिस्कला विचारून नवी यादी बांधायची. तेच केलं. तळ्याचे सोडले तर सगळे खण सापडले, फक्त धवल्यांचा खण दोनदा सापडला, अलिबागलाही आणि मुरुडलाही. त्यातला एक पुरा आणि एक अर्धवट. दोन्ही ठेवता येत नाहीत. अशा वेळी ज्याच्यावर शेवटची वेळ पडली आहे तो खरा धरायचा आणि दुसरा पुसायचा, ही आमची रीत. अलिबागच्या खणावर वेळ होती अकरा पस्तीस. मुरुडच्या खणावर अकरा चाळीस. मला वाटलं, हलवणं पुरं झालेलं दिसतंय.

आकार बघायला हवा होता, मान्य आहे मला. पण बाहेर ती बसलेली, तिचा फोन सारखा वाजतोय, नवरीकडच्या बायका विचारतायत, आणि ती त्यांना सांगतेय, मिलतंय, आता मिलतंय. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. मी अलिबागचा खण पुसला. पुसायची आज्ञा 'नक्की ना?' असं दुसऱ्यांदा विचारत नाही.

मग मुरुडचा उघडला. आत पहिला धवला होता, तोही अर्धा. बाकी काही नाही.

मुरुडच्या क्लार्कना फोन लावला. काशीदहून येऊन-जाऊन करणारे, निवृत्तीला आलेले, साधे गृहस्थ. लाइट आल्यावर मशीननं काही विचारलं का, म्हटलं. व्हय, म्हणाले, टाइम विचारलान. आतली बारकी बॅटरी खाऱ्या हवेनं खाल्लेली, त्यामुळे मशीन वेळ विसरलेलं.

"मग तुम्ही कुठली वेळ टाकलीत?"

"भिंतीवरच्या घड्याळातली, मॅडम. ते दहा मिनिटं पुढंच असतं ना, यष्टी चुकू नये म्हणून."

मी त्यांना नको नको ते बोलले. आयुष्यात कोणाला बोलले नव्हते असं. फोन ठेवल्यावर आठवलं, माझ्या घरातलं स्वयंपाकघरातलं घड्याळही पंधरा मिनिटं पुढे आहे. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ शोधावं लागेल. मुरुडच्या मशीननं चालू झाल्यावर आपला अर्धवट खण तपासला आणि खरे साडेअकराच वाजलेले असताना त्यावर आपल्या घड्याळाचा अकरा चाळीसचा शिक्का मारला. चूक त्यांची नव्हती. घड्याळं सांभाळायचा पगार मी घेत होते.

मुलीला सांगितलं, थोडं बिघडलंय, उद्या देते. तिनं विश्वास ठेवला, हेच जास्त लागलं मला.

मग पुसलेलं परत मिळवायचा खटाटोप. बॅकअप बघितला: त्यात हा खण नव्हताच, कारण काम चालू असलेले खण मीच त्यातून वगळलेले. रेकॉर्डरचं कार्ड बघितलं, त्यावर तळ्याच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घेऊन झालेलं. डिस्क खरवडून बघितली तर खण पुसल्याबरोबर दुसऱ्या खणांच्या प्रती त्या मोकळ्या जागेवर येऊन बसलेल्या, आणि ते वेळापत्रकही मीच लावलेलं. जिकडे हात घालावा तिकडे आधी मीच जाऊन दार लावून आलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनसमोर बसून मी ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि स्कूटर काढली.

मावशी पडवीत बसल्या होत्या, गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं. मुलगी मांडवाला जायची पिशवी भरत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पत्ता, खण, घड्याळ असलं काही बोलले नाही. धवले गेले, माझ्या हातून पुसले गेले, परत यायचे नाहीत, एवढंच बोलले.

मावशींना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि ओठ हलवायला लागल्या. त्या लांबलचक धवल्यांतला एक असणार. मुलगी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली, दोन शब्द म्हणाली, मावशींनी नकाराची मान हलवली. परत ओठ हलले. परत चुकलं. फडक्याखालून नुसती हवा जात-येत होती. चौथ्या खेपेला मावशींनी स्वतःच्या मांडीवर जोरात चापट मारली आणि डोळे पुसले.

मला वाटलं, आता मुलगी मला हाकलणार. हाकललं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर येऊन बसली, माझा हात धरला, आणि अगदी हळू, समजावल्यासारखं बोलली.

"ताई, तुमी तं सगलं ऐकलंय ना? चार दिवस कानाला हेडफोन लावून बसलेल्या तुमी. आईच्या एवढ्या जवल तं मी पण नव्हते. जे आठवतंय ते म्हणा. नुसता शब्द दिलात तरी चालंल, चाल मी लावीन."

मी डोळे मिटले. मला आठवत होतं की तिसऱ्या धवल्यात मध्येच कोंबडी ओरडली होती. सातव्यात मावशींना खोकला आला होता. शेवटचा बावीस मिनिटांचा होता आणि रेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा एकदाही लाल पट्ट्यात गेला नव्हता. चारही दुपारी मी तो काटा बघत बसले होते.

डोळे उघडले तर दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.