चार वाजता मागच्या खोलीत

गल्लीत त्यांना सगळे काजवाल्या मावशी म्हणत. शर्टांचे गठ्ठे कारखान्यातून यायचे, मावशी काजं पाडून, बटणं लावून परत पाठवायच्या. तीस वर्षं हेच काम. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ मागे पडले तेव्हा टीव्ही, मग लोकांच्या घरचं इंटरनेट. त्यांना गल्ली मास्तर म्हणायची.

मास्तरांनी स्वतःच्या घरात कंपनीच्या मोडेममागे आपला विकत घेतलेला राउटर लावला होता. "कंपनीचा मोडेम उंबरठ्यापर्यंत. आतलं आपण बघू," असं ते म्हणत. टीव्हीचे दोन बॉक्स तेवढे थेट मोडेमला जोडलेले, एक पुढच्या खोलीत, एक मागच्या. प्रत्येक वायरीवर मावशींच्या चिंध्यांची पट्टी, आणि पट्टीवर मास्तरांचं बारीक अक्षर.

एका सकाळी दाढी करता करता मास्तर गेले. मावशींनी मागची खोली बंद केली ती केलीच.

पंधराएक दिवसांनी दुपारी चार वाजता त्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला. मग बारीक घरघर, अर्धा तास. मावशींच्या हातातलं बटण घरंगळून कपाटाखाली गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चारला पाच कमी असताना मशीन थांबवलं आणि दाराकडे तोंड करून बसल्या. दार उघडलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. लोक म्हणाले असते, मावशींच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढे पुढे त्यांना वाटू लागलं, आवाज लवकर थांबतो. पूर्वी अर्धा तास चालायचा, आता जेमतेम दोन मिनिटं. जाणारं माणूस दूर दूर जात असेल तर असंच होत असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

लेक परगावी. तिला वाटलं, आईला एवढ्या वायरी कशाला. तिने फोनवरून नवा मोडेम मागवला, वायफायसकट सगळं एकातच. कंपनीचा पोरगेलासा माणूस आला. त्याने मास्तरांचा राउटर काढून पिशवीत घातला, पिशवी खुंटीला अडकवली आणि मागच्या खोलीची वायर गुंडाळून ठेवली.

"तिथे टीव्ही कोण बघतं, मावशी?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. खरंच होतं ते.

त्या दिवशी चार वाजले आणि काहीच झालं नाही. साडेचार, पाच. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात मावशींनी अकरा शर्टांची काजं आडवी पाडली. कारखान्याच्या मुकादमाने गठ्ठा परत पाठवला, असं तीस वर्षांत झालं नव्हतं. मग मात्र त्यांनी कंपनीला फोन लावला. मागच्या खोलीतला टीव्ही बंद आहे, म्हणाल्या.

या खेपेला वयस्कर माणूस आला, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला. त्याने पट्ट्यांवरचं अक्षर वाचलं.

"हे कोणी केलं?"

"ह्यांनी."

"नीट काम आहे. आमच्या पोराला कळलं नाही." त्याने खुंटीवरच्या पिशवीतून राउटर काढला. नव्या मोडेमचं वायफाय बंद केलं, एक वायर राउटरला दिली, दोन बॉक्सना. "तुमचा राउटरही चालेल आणि टीव्हीही. मागची खोली उघडता का?"

मावशींनी कुलूप काढलं, पण त्या दारातच थांबल्या. पडद्यावर यादी आली. चष्मेवाला वाचत राहिला.

"रोज चारला गाण्यांचा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा. कुणी बघायचं का?"

मावशी खाली बसल्या. चारचा तो कार्यक्रम त्यांच्या आवडीचा. पण त्याच वेळी कारखान्याची गाडी गठ्ठे न्यायला यायची, म्हणून कधी बघायला मिळाला नव्हता. मास्तरांसमोर एकदा बोलल्या असतील, भाजी निवडताना वगैरे.

"पहिला कधीचा आहे?"

त्याने तारीख सांगितली. मास्तर जाण्याच्या तीन दिवस आधीची. म्हणजे तीन सोडले तर बाकी सगळे ते गेल्यानंतरचे.

"मग पंधरा दिवस मला ऐकू का नाही आलं?"

"घरात माणसं असतील, मावशी."

होती खरी. दिवस होईपर्यंत घर भरलेलं होतं.

"आणि नंतर आवाज लवकर थांबायचा, तो?"

"बॉक्स भरला. जागा नाही. रोज उठायचा, प्रयत्न करायचा, परत झोपायचा. वायर काढल्यावर तेही बंद झालं." त्याने चष्मा पुसला. "सगळं पुसून टाकू? म्हणजे नव्याने सुरू होईल."

"नको," मावशी पटकन म्हणाल्या. "कसं लावायचं तेवढं दाखवा."

त्याने रिमोटवरची दोन बटणं दाखवली, एक बघायचं, एक पुसायचं. दुसरं दाबताना जपा, म्हणाला.

गाडी गेली की मावशी आता मागच्या खोलीत बसतात. एक कार्यक्रम पूर्ण बघतात, मग तो पुसतात. पुसायच्या आधी पडदा एकदा विचारतो, नक्की का. त्या प्रश्नापाशी त्या कितीतरी वेळ थांबतात. सुट्टीत लेक आली, तीही शेजारी बसली.

"एकदम शेवटचा लाव ना, आई," ती म्हणाली.

"क्रमाने," मावशी म्हणाल्या, आणि सत्तेचाळिसावा लावला.