शिलंगणाची गाडी

धारला माझ्या सासरी दसऱ्याच्या संध्याकाळी सासरे ज्याच्या गाडीवर मागे बसतील, तो घरातला मानाचा जावई. असं कुणी कधी तोंडानं बोललं नाही, पण समोरच्या किराणावाल्यापासून गल्लीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. सासऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली माझ्याकडे. लग्नानंतर दर दसऱ्याला मी देवासहून मोटारसायकलवर जायचो, आणि आबा, म्हणजे सासरे, धोतर, कोट नि फेटा अशा थाटात माझ्या मागे बसून गावाबाहेरच्या शमीपर्यंत शिलंगणाला यायचे. आमच्या देवासच्या कॉलनीत सगळे नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, तिथे नुसता 'दसरा' असायचा. शिलंगण हा शब्द मी आबांकडूनच शिकलो. वाटभर त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर असे. त्या हाताचा मला फार गर्व होता.

त्यांचं घराणं दरबाराबरोबर इकडे आलेलं. पूर्वज तलवारींच्या मुठी बसवायचे, आबांनी जन्मभर खरादावर, म्हणजे लेथवर, पंपांचे भाग कातले. त्यामुळे खंडेनवमीला देवघरातली गंजकी तलवार, खरादाची हत्यारं आणि जावयांच्या गाड्या अशी एकत्र पूजा व्हायची. जावयांच्या म्हणजे काही वर्षं फक्त माझ्या. मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं.

साडू धारचाच. शेतांवर जाऊन पंप दुरुस्त करायचा. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरायचा ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. हसरा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा, त्यामुळे मला पहिल्यापासून नकोसा. एकदा धामनोदला कामाला गेला असताना एका ढाब्यामागे त्याला एक मोडकी गाडी दिसली. नेमकी माझ्याच गाडीच्या जातीची, एका सिलिंडरची, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, इंजिन जाम. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून घाट चढवून घेऊन आला. मला वाटलं, बरं झालं, आता बसेल वर्षभर हात काळे करत.

आणि तो बसलाही. पुढच्या दसऱ्याला मी दारात गाडी लावली, तर अंगणात त्याची उभी. सायलेन्सर खालून काढून सीटखालून वर नेलेला, जाड खाचांचे टायर, इंजिनाच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून लोखंडी पत्रा. मागच्या चाकाची चेनची गरारी बदलून जास्त दात्यांची घातलेली, म्हणजे वेग कमी पण चढावर ओढ दांडगी. आबा उकिडवे बसून तो पत्रा बोटानं वाजवून बघत होते. माझ्या गाडीला त्यांनी आजवर हळदकुंकू लावलं होतं, पण ती वाजवून कधी बघितली नव्हती.

"भिया, घाट के हिसाब से बनाई है," साडू म्हणाला. "तुमची देवासच्या सडकेवर चालते, तुम्हाला हे लागत नाही."

त्या वर्षी आबा माझ्याच मागे बसले, पण नशीब बघा. शमीच्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. पाऊस उशिरापर्यंत पडला होता आणि ओढ्यात गुडघाभर पाणी. माझा खालचा सायलेन्सर पाण्यात बुडाला, गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मध्येच बंद पडली. आबांना धोतर खोचून पाण्यात उतरावं लागलं. मागून साडू आला आणि धक-धक करत पलीकडे गेला. थांबून मदतीलाही परत आला, तेच जास्त लागलं. आबा पाय झटकत एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू. ज्याची गाडी ओढा नीट उतरेल, त्याच्यावर बसू."

झालं. ते वर्ष माझं वर्ष राहिलंच नाही.

मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, हत्यारं नि डोकं दोन्ही हाताशी होतं. दर रविवारी क्वार्टरच्या मागे पोतं अंथरून बसायचो. साडूनं सायलेन्सर सरळ नळीचा नेला होता. मी माझा वाळू भरून, तापवून, इंजिनाच्या अंगाला धरून असा वळवला की सांधा कुठे ते दिसू नये. तसं केल्यावर कार्बोरेटर बिघडला, गाडी उतारावर फटाके फोडायला लागली, तेव्हा जेट बदलून बदलून तिचा श्वास जुळवला. एअर फिल्टरला स्पंज कापून तेलात भिजवून बसवला. त्याची गरारी मोठी, तर माझी त्याहून मोठी. आणि मग मी खरा हात मारला. मागचे दोन्ही शॉकअप काढून त्याहून लांब शॉकअप बसवले, सीटही जाड भरून घेतली. गाडी मागून उंटासारखी उठली.

आता साइड स्टँड आखूड पडला, तो जोडून लांब केला. गाडी उभी असताना चेन बरोबर ताणलेली असायची आणि माणूस बसला की तारेसारखी ताठ व्हायची, हे कळेपर्यंत एक चेन गेली. पुढे माझ्या मेव्हण्याला, बायकोच्या मावसभावाला, सीटवर बसवूनच चेन सैल-घट्ट करायचो. कन्नौद आणि सतवासकडच्या काळ्या मातीच्या वाटांवर, ओढे-नाले शोधून शोधून गाडी पाण्यात घातली. कुठे थांबली नाही.

बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "गाडी दुरुस्त करताय की त्याला?"

"कुणाला?"

"माहितेय तुम्हाला कुणाला."

मी पाना उचलून पुन्हा गाडीखाली वाकलो. तिच्या बहिणीचा फोन आला की ती हसत बोलायची, आणि मला वाटायचं, तिकडची बातमी निघाली असेल. त्यानं आता काय बसवलंय ते विचारायची मात्र मला लाज वाटायची. शेवटी विचारलंच. "काही नाही म्हणे," ती म्हणाली. "धंद्यात वेळच नाही त्याला." त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दसरा आला. खंडेनवमीला आबांनी माझ्या गाडीभोवती दोनदा फेरी मारली. वाकवलेल्या सायलेन्सरवरून बोट फिरवलं, सांधा शोधला, सापडला नाही. माझ्याकडे बघून मान हलवली. एवढ्यासाठी मी वर्ष घातलं होतं. साडू बाजूला उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता, निदान मला तरी तसा दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायची वेळ झाली. गल्लीतले लोक जमले. मी गाडी चालू केली, आबांनी फेटा नीट केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला.

पाय सीटपर्यंत पोचला नाही.

त्यांनी पुन्हा उचलला. धोतराचा काठ तापलेल्या सायलेन्सरला लागला, वास आला. मी गाडी तिरपी केली, कुणीतरी लाकडी पाट आणला, त्यावर उभं राहूनही गुडघा तेवढा वाकेना. ओढा उतरायचा विचार मी वर्षभर केला होता. सत्तरी उलटलेला, धोतर नेसलेला माणूस हिच्यावर चढणार कसा, हा विचार एकदाही केला नव्हता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गल्लीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साडू शांतपणे पुढे आला आणि म्हणाला, "आबा, इकडे बसा." त्याच्या गाडीला डाव्या बाजूला, साडी नेसून बसणाऱ्या बायका पाय टेकवतात त्या उंचीवर, जुन्या स्प्रिंग-कमानीच्या पट्टीचं एक रुंद पायदान बसवलेलं होतं. आदल्या दिवशी पूजेला मी ते पाहिलंही होतं आणि मनात हसलो होतो की ह्यानं बायकोसाठी काय करून घेतलंय. आबांनी त्यावर पाय टेकवला आणि जिना चढावा तसे वर गेले. चढण्याआधी वाकून त्यांनी पूजेच्या तबकातलं कुंकू घेऊन त्या पायदानाला बोट लावलं होतं.

मी मागून निघालो. पुढे साडू, मागे आबा, त्यांचा उजवा हात त्याच्या खांद्यावर. आबा सारखे त्याच्या कानाशी वाकून काही सांगत होते आणि तो मान डोलवत होता. माझ्या मागे बसून ते फारसे बोलत नसत. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या वाटेवर कळलं. ओढा आला. माझी गाडी अशी सुंदर उतरली की पाण्याचा थेंब इंजिनाला लागला नाही, आणि ते बघायला कुणी मागे वळलं नाही.

शमीखाली सोनं देताना आबा म्हणाले, "थोरले, जरा खाली करून आणा पुढच्या वर्षी."

दिवाळीत मी जुने शॉकअप परत बसवले. सीट कापली. सायलेन्सरवर पत्र्याची जाळी लावली आणि पायदानही केलं, साडूच्याहून रुंद. पण पुढच्या दसऱ्यापर्यंत आबांचे गुडघे पार गेले होते. ते अंगणात खुर्चीवर बसून राहिले आणि सोनं आणायला आम्ही दोघे साडू आपापल्या गाडीवर गेलो, मागच्या सीट रिकाम्या. त्यानंतर थंडीत आबा गेले.

आम्ही दोघेच गेलो त्या दसऱ्याला शमीखाली साडूनं पानं तोडता तोडता सांगितलं, "भिया, गेल्या वर्षी पूरे रास्ते तुमच्याच सायलेन्सरचं बोलत होते. खरादावर जन्म काढूनही असा वाक मला जमला नसता म्हणे. मी म्हटलं, हां आबा. काय बोलणार? डोकं फिरलं होतं माझं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. ओढ्यापर्यंत वाटलंही. मग तो पुढे निघाला आणि त्याच्या पायदानाच्या काठाशी, धूळ नि तेलाखाली, आबांच्या बोटाचं कुंकू अजून पुसटसं दिसत होतं. माझ्या पायदानाचा रंग नवाकोरा होता.